चेन जिती जायची नाय

"चेन जिती जायची नाय," असं म्हणून मिस्त्री घण उचलायचे. मोटारसायकलला नवी चेन लावण्याआधी जुनी रुळाच्या तुकड्यावर आडवी घालायची आणि तिचे तुकडे होईपर्यंत ठोकायची, हा त्यांचा शिरस्ता. गाडी कुणाचीही असो. विहिरीच्या रहाटाला होईल, द्या मला, असं कुणी म्हणालं तर घण त्याच्या पायाजवळ पडे. तापट माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण रत्नागिरीत मला त्यांच्या तोडीचा दुसरा भेटला नाही.

मी शाळामास्तर. अठ्ठ्याण्णव साली वडिलांची जुनी मोटारसायकल घेऊन त्यांच्याकडे गेलो. मला ती हायवेला पळवायची होती, म्हणून मागचं पॉकेट लहान बसवा म्हणालो. पॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. मागचं लहान केलं की वेग वाढतो, पण चढावर गाडी मान टाकते. मिस्त्रींनी हातातला पाना फेकला. तो माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळला.

"घर चढावर तुमचा, मास्तर. आधी चढ बघा, मग दात मोजा."

त्यांनी उलट मोठं पॉकेट बसवलं, त्याला पुरेल अशी लांब चेन घातली आणि जुनीचा चुरा केला. घरचा चढ गाडी गुमान चढू लागली. हायवेला मात्र मला भाजीचे टेम्पोसुद्धा मागे टाकत. पण हे त्यांना सांगणार कोण? जीव प्यारा होता.

एकदा शिमग्याच्या तोंडावर मिरकरवाड्याकडचा एक तरुण दुकानात आला. नुकतीच उतरवलेली चेन त्याने उचलली, मुठीला गुंडाळून पाहिली आणि मागितली. मिस्त्रींनी पान्याने त्याचं मनगट मोडलं. हाडाचा आवाज मी ऐकला. तो खाली पडल्यावरही ते मारतच होते, आम्ही तिघांनी ओढून बाजूला केलं. पोलीस घेऊन गेले, जामिनाला मी उभा राहिलो.

परत येताना गाडीवर मागे बसून त्यांनी सांगितलं. गावी शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन वाड्या भिडल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ सोडवायला मधे गेला आणि डोक्यात चेन बसून जागीच गेला. ती चेन मिस्त्रींनीच कुणाच्या तरी गाडीची उतरवून कोपऱ्यात टाकलेली होती. एकाने मागितली, यांनी देऊन टाकली.

"जोडकडीला मी तांब्याची तार गुंडाळलेली. ती त्याच्या केसात गावली."

मी चढावर गिअर बदलला.

पुढे काही वर्षांनी त्याच पालखीपुढे त्याच वाड्या पुन्हा भिडल्या. या वेळी मिस्त्री मधे शिरले. सोडवायला गेले खरे, पण स्वभाव कुठे जाणार, आधी दोघांना स्वतःच आडवं केलं. मग मिस्त्रींचंच डोकं फुटलं. इस्पितळात पट्टी रक्ताने भिजली होती. मी जवळ वाकलो तर त्यांनी विचारलं, "कशानं मारलान?"

"काठीनं."

"बघितलात तुम्ही?"

"बघितली. पंचनाम्याला ठेवली होती. बांबूची होती."

"मग बरा," ते म्हणाले. सकाळपर्यंत गेले. मला फार रडू आलं.

त्यानंतर चेन बदलायला मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या भल्या माणसाने जुनी चेन कागदात बांधून माझ्या हातात दिली. असू दे गुरुजी, कधी लागते, म्हणाला. मी ती त्याच्या दारातल्या जांभ्या दगडाच्या पायरीवर पसरली आणि घण मागितला. माणसं बघायला जमली.

पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. मिस्त्री असते तर पाना नक्की आला असता. दुसऱ्या घावाला कडी तुटली.