खंडेनवमीला अडकलेला कॉम्प्युटर

आमच्या घरी खंडेनवमीच्या पूजेत मांडायच्या वस्तू ठरलेल्या आहेत. एक तलवार, जिच्यानं आता काकडीसुद्धा कापली जाणार नाही. यजमानांची स्कूटर, माझी विळी, आणि गेली चौदा वर्षं माझा कॉम्प्युटर. सासरचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. पुढे घरात कोणी लढलं नाही, मामंजी तर रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसून निवृत्त झाले, पण नवमी कोणी सोडली नाही.

पूजा झाली की त्या वस्तूंना दशमीच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, ही घरची रीत. उत्तरपूजा होते, मगच त्या कामाला लागतात. म्हणून नवमीला भाजी पूजेआधी चिरून ठेवायची, स्कूटर दारात हार घालून उभी. माझा मुलगा झाला तो दिवस खंडेनवमीचाच होता. मामंजी नातवाला बघायला भर उन्हात दवाखान्यात पायी आले. स्कूटर होती, चालवायला यजमान होते, पण हार घातलेला होता. असे आमचे मामंजी. आता शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि तसूभर बदललेले नाहीत.

मी प्रबंध टाइप करते. लग्नानंतर गोरखीजवळच्या एका क्लासात टाइपरायटर शिकले, तेव्हापासून हेच काम. इतिहास, वनस्पतिशास्त्र, संगीत, गृहविज्ञान, सगळ्यांचे प्रबंध माझ्या बोटांखालून गेले. त्यातले बहुतेक हिंदी. कितीतरी जण माझ्यासमोर डॉक्टर झाले आणि मी मात्र बी.ए.ची बी.ए. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लोकांची वाक्यं सरळ करून द्यायला मला आवडतं, आणि आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत बसून करायला तर फारच.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, पण माझ्याशी नीट वागायचा. अडचण अशी झाली की प्रबंध जिथे ऑनलाइन जमा करायचे ती वेबसाइट त्याच्या जुन्या सिस्टीमवर उघडेना. पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, अब बस भी करो ना. किती टाइप करशील? लॅपटॉप पाठवून देतो, त्यावर आरामात पिक्चर बघ. नाहीतर इथे चालली ये." लॅपटॉपच्या सपाट बटणांवर माझी बोटं घसरतात, हे त्याला चार वेळा सांगून झालं होतं. शेवटी आमचं ठरलं. नवी सिस्टीम या यंत्राला झेपली तर माझं काम चालू. नाही झेपली तर मी काम बंद करायचं आणि त्याबद्दल कुरकूर करायची नाही. मी हो म्हटलं.

नई सडकवरच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. त्यानेच चार वर्षांपूर्वी त्यात ती फुकटची सिस्टीम टाकून दिली होती. तो म्हणाला, "आंटी, घर पर ही हो जाएगा. बीच में एकाध बार कुछ पूछेगा, जवाब दे देना. बस बिजली नहीं जानी चाहिए. आधे में बंद हुआ तो इस डिब्बे में फिर मत उलझिए, नया ले लीजिए." मी सगळे प्रबंध पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आणि दिवस ठरवला.

दिवस ठरवताना घोटाळा केला तो मीच. स्वयंपाकघरात किराणावाल्याने दिलेलं हिंदी कॅलेंडर असतं, त्यात त्या दिवशी अष्टमी होती. मामंजींचं पंचांग महाराष्ट्रातून पोस्टाने येतं, ते त्यांच्या कपाटात. इतक्या वर्षांत मला हे कळायला हवं होतं की आपल्या घरचे सण त्या कपाटातून निघतात, किराणावाल्याच्या भिंतीवरून नाही. सकाळी दहाला मी निश्चिंतपणे अपग्रेड सुरू केलं. पडद्यावर आकडे सरकू लागले. अकरा वाजता मामंजी आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात तलवार घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले.

"सूनबाई, विळी आण. आज नवमी."

मी गडबडून सांगितलं की कॉम्प्युटरचं काम चालू आहे, मध्ये बंद करता येणार नाही. ते वाकून बघू लागले. आकडा तेव्हा चव्वेचाळीसवर होता. "तो आपला आपण करून राहिलाय ना? मग करू दे. तू हात लावू नकोस म्हणजे झालं." चालू यंत्राची पूजा त्यांना उलट जास्तच आवडली. डब्याला गंध लावलं, अक्षता वाहिल्या, यजमानांनी पाटणकर बाजारातून आणलेला झेंडूचा जाडजूड हार पडद्यावर चढवला. आकडे फुलांमागे गेले. मामंजी मला म्हणाले, "नमस्कार कर." मी केला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मनापासून केला.

सव्वाबारा वाजता यजमान वर्तमानपत्र घेऊन आले. "अगं, आज दोनपासून पाचपर्यंत लाइट चालली जाणार आहे. मेंटेनन्स. छापून आलंय."

सकाळपासून तेच वर्तमानपत्र हातात होतं, पण आमच्याकडे आधी क्रिकेट वाचलं जातं. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी चहा उकळेपर्यंतसुद्धा टिकत नाही. मी धावत जाऊन फुलांच्या फटीतून बघितलं. आकडा एकसष्ट. पाच मिनिटांनी बघितलं, एकसष्ट. खाली एक चौकट आली होती. जुनी सेटिंग ठेवायची की नवी घ्यायची, असं विचारत ती थांबली होती. उत्तराला एक बटण दाबायचं आणि मग एंटर. एवढंच. तेवढ्यासाठी सगळं अडलं होतं, आणि कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या.

मी बाहेर येऊन सांगितलं. यजमानांचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं.

"पेन्सिलीने दाब. हात कुठे लागला?"

"पेन्सिल कोणाच्या हातात असेल?" मामंजींनी विचारलं.

"मग समोरच्या शर्माजींना बोलावतो. त्यांच्याकडे कुठे खंडेनवमी असते?"

"पूजा आपली आणि दोष त्यांच्या माथी? चोरवाटा नकोत." मामंजी पंचांग घेऊन आरामखुर्चीत बसले. चष्मा पुसून, बोट फिरवून नवमी कधी संपते ते पाहिलं. उद्या सकाळी संपत होती. पंचांग मिटून त्यांनी मांडीवर ठेवलं.

मला त्यांचा राग आला. स्पष्टच लिहिते, खूप राग आला. अवघ्या एका बटणाची गोष्ट. मी आत जाऊन गुपचूप दाबलं असतं तर कोणाला कळलं असतं? मी आत गेलेही. बोट कीबोर्डवर धरलं, पण दाबवेना. सदतीस वर्षं त्या घरात राहिल्यावर त्यांची रीत माझ्याही हाडात उतरली होती, आणि हे मला त्या क्षणाआधी माहीत नव्हतं. बोट मागे घेऊन वळले तर मामंजी दारात उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"हे बंद पडलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर काम बंद. मुलाला शब्द दिलाय."

"आणि तू काय करशील?"

मी म्हटलं, "स्वयंपाक करीन. पोथी वाचीन. सगळ्याच करतात. पण मामंजी, मला नाही आवडणार. मला इथे बसायला आवडतं." साठीला आलेल्या बाईचा आवाज असा रडवेला व्हायला नको होता, पण झाला.

ते वळून गेले. नळाचा आवाज आला. हातपाय धुऊन, पळीपंचपात्र आणि अक्षता घेऊन ते परत आले. भिंतीला धरत हळूहळू खाली बसले, आचमन केलं, आणि डब्यावर अक्षता टाकून विसर्जनाचे मंत्र म्हणू लागले. उत्तरपूजा. नवमीलाच, भर दुपारी, एकट्या कॉम्प्युटरची. तलवार, विळी, स्कूटर यांची उद्या. यजमान दारात तोंड उघडं टाकून उभे होते. आपल्या बापाला पूजा घटकाभर इकडची तिकडे करताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. 'पुनरागमनाय च' म्हणून झाल्यावर मामंजींनी डबा जरासा हलवला, हार स्वतःच्या हाताने उतरवला आणि म्हणाले, "याचा दसरा झाला. दाब."

मी दाबलं. जुनी सेटिंग ठेवली. आकडा बासष्ट झाला.

पुढचा पाऊण तास आम्ही तिघं त्या खोलीत बसून होतो. मामंजी खुर्चीत, यजमान दिवाणावर, मी जमिनीवर. कोणी जेवायचं नाव काढलं नाही. ऐंशीला आकडा पुन्हा थोडा रेंगाळला तेव्हा यजमान त्याला ओरडले, "चल ना भाई!" दीड वाजता यंत्र बंद झालं, मग आपसूक चालू झालं, आणि नव्या निळ्या पडद्यावर माझे सगळे फोल्डर जिथल्या तिथे दिसले. विद्यापीठाची वेबसाइट उघडून पाहिली. उघडली. मी मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "झालं. लॅपटॉप नको." तो हसत म्हणाला, "मान गए, आई." मग कॉम्प्युटर नीट बंद केला. दोनला पाच कमी असताना लाइट गेली.

पंखा थांबला. मी मामंजींना वाकून नमस्कार केला. आशीर्वादाला नेहमी डोक्यावर येतो तो हात आला नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, उताणे केले, उरलेलं गंध दोन्ही तळव्यांवर लावलं आणि वर दोन-दोन अक्षता ठेवल्या.

"सकाळी मांडताना हे राहूनच गेले होते," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते पुसायला हात वर नेला तर ते एकदम कडाडले, "अंहं! आता उद्या सकाळपर्यंत हातांना काम नाही." मग यजमानांकडे वळले. "बघत काय उभा आहेस? पानं वाढून घे. आणि तिला आधी वाढ."

स्वयंपाकघरात यजमानांनी भांडी पाडायला सुरुवात केली. मी माझ्या खुर्चीत बसले, गंधाचे ओले तळवे वर करून मांडीवर ठेवले, आणि माझं ताट यायची वाट बघत राहिले.