काळ्या पाषाणाखालची पायरी

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याच्या बाजूला एका वस्तीवर मी विहीर खोदायला घेतली होती. पाणी लागलं तर राहायचं, नाही तर गुरं सोडून खडी फोडायला जायचं, असं वस्तीनं ठरवलेलं.

आमच्या धंद्यात मुरमाचा दर वेगळा, काळ्या पाषाणाचा वेगळा. पाषाण लागला की काम थांबवून काठावर बसायचं. नवा दर ठरला की मगच सुरुंग. मी स्वतः पहार मारून वर आलेला माणूस, हा रिवाज कधी मोडला नाही. पाच माणसांच्या उंचीइतकं खोल गेल्यावर पहार खणकन वाजली. मी गडी वर घेतले.

विहिरीचा मालक म्हणाला, "मुकादम, गुरं मरायला टेकल्यात. आता कसला दर?"

"पाषाण हाय. खाली पाताळापातूर ह्योच. दीडपट द्या, न्हाईतर दुसरा बघा."

"दुसऱ्याचं घर जळतंय अन् तुमी हात शेकून घ्या!"

ते मला झोंबलं. त्याच दुपारी सामान गाडीत घातलं. पंधरवड्यात वस्ती उठली.

पुढं मी तलावाच्या दुष्काळी कामावर असताना तिथं सरकारी भूगर्भवाला साहेब आला. म्हणाला, "या खडकाला ट्रॅप म्हणतात. मूळ शब्द स्वीडनचा, अर्थ पायरी. समोरचा डोंगर बघा. लाव्हाचे थर एकावर एक बसले. कठीण थराचा कडा उभा राहिला, मऊ थर झिजून सपाट झाला. जमिनीखालीही तसंच. पाषाणाखाली पुन्हा मऊ थर, आणि पाणी बहुतेक त्या सांध्यात."

"पाषाण किती जाड असतो?"

"ते खोदल्याशिवाय कळत नाही."

त्या पायऱ्या मी जन्मापासून बघत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबाला सहा महिने आधी यायला काय झालं होतं?

पाऊस पडून वस्ती परतल्यावर मी दर न ठरवता दगड वर ओढायची यारी पुन्हा उभी केली. आठव्या दिवशी पाषाण संपला, लाल माती लागली आणि तिच्यातून पाणी झिरपायला लागलं. पाषाणात जेमतेम दीड माणूस खोल गेलो होतो.

दर मागायचा हक्क माझा होता, हे मी आजही म्हणतो. मालकानं मात्र पाण्याकडं बघितलंच नाही. रिकाम्या गोठ्यातल्या गव्हाणीवर बसून म्हणाला, "मुकादम, सांगा आता तुमचा दर."