तैफच्या बागा आणि अम्माचं तिकीट

जुलै महिन्यात जेद्दामध्ये गाडीच्या बॉनेटवर अंडं फोडलं तर शिजतं, असं लोक सांगतात. लोक फार कमी सांगतात. आमच्या गल्लीतली कोंबडी थेट उकडलेलंच अंडं घालते आणि पायांना चटके खात सावलीला पळते. अशा एका शनिवारी, पहाटेची नमाज आटोपून, आम्ही तैफच्या डोंगराकडे निघालो. मी, बायको रुबीना, आठ वर्षांची अलीझा आणि मागच्या सीटवर खिडकीशी माझी अम्मा.

ही सहल हौसेची नव्हती. अम्मा रत्नागिरीहून आली होती ती रुबीनाच्या बाळंतपणासाठी. रुबीनाला सहावा महिना लागला आणि अम्माने जाहीर केलं, "माझं मंगळवारचं तिकीट काढ. चौथ्या मजल्यावर वर छत, खाली फरशी, मधे मी. बोलू कुणाशी, फ्रिजशी? वेळेला येईन परत." आता, अम्मा एकदा तिच्या पडवीत जाऊन बसली की तिला उठवायला क्रेन लागते, आणि बंदरात माल सोडवायचं, क्लिअरिंगचं काम करत असल्यामुळे क्रेन काय उचलू शकते हे मला ठाऊक आहे. सासूसमोर रुबीनाने मान डोलावली. मला मात्र म्हणाली, "अम्मा गेल्या तर मी एकटीने कसं करू? तुम्ही काहीतरी करा."

म्हणून मी तैफ काढलं. "कोण म्हणतं या देशात नुसती वाळू? तैफला इतक्या बागा आहेत अम्मा, की झाडांना जागा पुरत नाही. आळीपाळीने उभी राहतात."

"लहानपणापासून असाच बोलतोस," अम्मा म्हणाली. "चल, बघू."

मक्का मागे पडली की सपाटी संपते आणि समोर डोंगराची भिंत येते. त्या भिंतीवर चढणारा रस्ता म्हणजे अल-हदाचा घाट. वळणं अशी की एका वळणावर मला पुढच्या गाडीची नंबरप्लेट ओळखीची वाटली. नीट पाहतो तर आमचीच. दर वळणाला उष्मा उतरत गेला. पायथ्याशी एसी फुल, मध्यावर बंद, माथ्यावर रुबीनाने शाल मागितली. डोंगर मात्र उघडा, तांबूस, भाजलेल्या भाकरीसारखा. फटीफटीतून कुठे हिरवं झुडूप दिसलं की मी गाइडाच्या थाटात बोट दाखवायचो आणि रुबीना म्हणायची, "दोन्ही हात स्टिअरिंगवर."

माथ्यावरच्या बागेत गाडी लावली. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली आपणच चढून आलेला रस्ता सोडलेल्या नाड्यासारखा पडलेला दिसतो. अम्माला हे दृश्य समजावून सांगावं म्हणून मी हात पसरला. त्या हातात खिमा पॅटिस होतं. कठड्यामागून एक केसाळ हात आला आणि पॅटिस गेलं. मागे वळून पाहिलं तर आमच्या मुकादमाएवढं बबून, अगदी त्याच्यासारखंच मांडी ठोकून, पॅटिसाचं वरचं आवरण सोलत होतं.

"इथेही माकडंच दाखवायला आणलंस?" अम्मा म्हणाली.

"दादी, ये मंकी नहीं, बबून है," अलीझाने शाळेतलं ज्ञान पाजळलं.

"चोरतं ना? मग माकडच."

पहिली बाग वाया गेली. दुसरी मी हुकमाची ठेवली होती. शहरातली अर-रुद्दफ ही मोठी बाग. हत्तींच्या कळपासारखे गोल गोल दगड, त्यांच्या मधून हिरवळ, पायवाटा, कारंजी. आम्ही पोहोचलो बरोबर भर दुपारी, कारण आपल्याकडे सहल म्हटली की सकाळी निघायचं, दुपारी झाडाखाली डबा सोडायचा आणि उन्हं कलली की घरी. बागेत पाऊल टाकलं आणि माझं मलाच चमत्कारिक वाटलं. एवढी मोठी बाग आणि चिटपाखरू नाही. कारंजीसुद्धा बंद. बाकं रांगेत रिकामी, लग्न मोडलेल्या मांडवासारखी.

एक बांगलादेशी माळी पाइप गुंडाळत होता. त्याला विचारलं, "भाई, लोग किधर हैं?"

तो हसायला लागला. "अभी कौन आता है? असर के बाद आओ. अभी तो चिड़िया भी सो रही है."

इथले लोक बागेत येतात ते असरच्या नमाजेनंतर, ऊन उतरल्यावर, हे मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं असं नाही. पण घरून डबा बांधून निघालेल्या मराठी माणसाला ते आठवत नाही. अम्मा एका बाकावर बसली, चारी दिशांना पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाग छान आहे रे. फक्त माणूस नाही. घरात नाही, बागेतही नाही." मग रुबीनाकडे वळून हळू आवाजात, "माझ्या बॅगेचं कुलूप कुठे ठेवलंस गो?"

रुबीनाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहू शकत नाही, कागद जळेल.

जेवण तसंच राहिलं. गाडी काढली आणि शहर सोडून अश-शफाच्या उंचावर घेतली. हा माझा शेवटचा पत्ता. रस्ता वर वर जातो, दोन्ही बाजूंना दगडी बांधांच्या पायऱ्यांवर डाळिंबं, अंजिरं आणि फड्या निवडुंग. एका वळणावर एक येमेनी म्हातारा त्या निवडुंगाची बोंडं (इथे त्यांना बर्शूमी म्हणतात) हातमोजे घालून सोलून विकत होता. अम्माने गाडी थांबवायला लावली. "आपण कुंपणाला लावतो, हे खातात?" एक खाल्लं, दुसरं मागितलं. गोड, थंडगार आणि बियांनी भरलेलं. "आपल्या कुंपणावर उगाच फुकट गेलं एवढं," ती म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. मग ढग आला. आला म्हणजे काय, उघड्या खिडकीतून आत शिरला आणि अलीझाशेजारी बसला. सीटबेल्ट लावायला मात्र तयार नव्हता.

माथ्यावरच्या अरअरच्या (सुरूसारखं दिसणारं, सुवासिक झाड) रानात असर झाल्याबरोबर जणू सगळा मुलूख अवतरला. बाकांकडे कोणी पाहीना. ज्याने त्याने गाडी लावायची, बाजूला गालिचा पसरायचा, उशा, थर्मास, शेगडी, आजी, सगळं उतरवायचं. आम्हीही चटई टाकून डबे उघडले. तेवढ्यात शेजारच्या गालिच्यावरून माझ्याच वयाचा एक धिप्पाड गृहस्थ हातात ताट घेऊन आला. खजूर, समोसे आणि गहवा (वेलची घातलेली फिकट कॉफी).

"तफद्दल, सदीक." घ्या, मित्रा. नाव अबू सालेह.

मी शुक्रान म्हणत, आभार मानत ताट रिकामं केलं आणि परत द्यायला उठलो. अम्माने माझी बाही धरली.

"रिकामं ताट घेऊन कुठे निघालास? लाज आहे का नाही?"

तिने ताटात आंब्याचं सांदण रचलं, वर नारळाच्या वड्या. मी नेऊन दिलं. तिकडे चव घेतली गेली, आतल्या बाजूच्या बायकांत गडबड झाली आणि अबू सालेह पुन्हा हजर. त्याच ताटात आता खजुराची बिस्किटं. त्याच्या आईचा हुकूम, तो म्हणाला. पाहुण्याने काही दिलं म्हणजे त्याचं पोट भरलं नाही, असं तिला वाटलं. अम्माने बिस्किटं काढून घेतली आणि कोळंबीचं सुकं भरलं. तिकडून चीज. इकडून भाकऱ्या. गहवा पुरे झाली की पेला हलवायचा, एवढी खूण अरबांनी करून ठेवली आहे. ताट पुरे झालं हे सांगायची खूण त्यांच्याकडेही नाही आणि आमच्या रत्नागिरीतही नाही.

अबू सालेह आणि मी, दोघा कुटुंबप्रमुखांनी दोन गालिच्यांच्या मधे इतक्या फेऱ्या मारल्या की तिथे नवीन पायवाट पडली. पुढच्या वर्षी नकाशात येईल. शेवटी आम्ही दमून वाटेतल्या एका दगडावर टेकलो.

"तुझी आई थांबणार नाही का?" त्याने विचारलं.

"नाही. तुझी?"

"वल्लाह, कधीच नाही."

ताटाची ये-जा थांबली ती अशी. त्याची आई, उम्म सालेह, स्वतःच उठली आणि सलीगची (दुधात शिजवलेला भात, वर कोंबडी) परात धरून आमच्या चटईवर येऊन बसली. अम्माने घास घेतला आणि उद्गारली, "हा तर आपला गुरगुट्या भात! आजाऱ्याला देतात तो. याच्यावर लोणचं पाहिजे." लोणचं निघालं. उम्म सालेहने चाखलं, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला. मी दुभाष्याचं काम करायला पुढे सरसावलो, तर दोघींनी मला हाताने बाजूला केलं. एक अरबीत बोलत होती, एक कोकणीत, आणि दोघींना सगळं कळत होतं. गुडघे दाखवून झाले. मुलगे दाखवून झाले. आमच्याकडे बोट करून दोघी एकाच वेळी उसासल्या. मग उम्म सालेहने रुबीनाच्या पोटावर हलकेच हात ठेवला. "वलद." मुलगा.

"मुलगीच," अम्मा म्हणाली.

"ला, ला. वलद."

"अगं बाई, मला शिकवतेस? मुलगी!"

भांडण पेटलं. अम्माचा आवाज असा चढलेला मी रत्नागिरी सोडल्यापासून ऐकला नव्हता. गाल लाल, पदर कंबरेला. रुबीना मधे बसून दोन्ही बाजूंनी भात खात होती.

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली, गालिचे गुंडाळले गेले. अबू सालेहने माझा नंबर घेतला आणि सांगितलं की ते दर शनिवारी याच झाडाखाली असतात. आम्ही घाटाला लागलो. खाली मैदानावर दिवे लागत होते. मंगळवारचा विषय काढायची माझी छाती होत नव्हती. म्हणून मी दुसराच काढला.

"अम्मा, सगळं घेतलंस ना? तो पितळी कडीचा मोठा डबा?"

"तो राहिला तिच्याकडे."

मी ब्रेक दाबला. तो डबा तिने रत्नागिरीहून मांडीवर धरून आणला होता. "अगं, मग सांगायचं नाही? मागे वळवतो."

"घाटात गाडी वळवतोस? समोर बघून चालव," अम्मा म्हणाली. "पुढच्या शनिवारी आणू. ती रिकामा थोडाच देणार आहे? मलाही काही न्यावंच लागेल. अलीझा, तांदूळ भिजत घालायची आठवण कर गो मला."

"आणि मंगळवार?"

"मंगळवारी तू कामाला जा."

आरशात मला रुबीना दिसली. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलवत हसत होती. घरी पोहोचल्यावर तिने सांगितलं: अम्मानेच तो डबा दोन्ही हातांनी उम्म सालेहच्या उशीमागे सरकवला होता, आणि वर कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलंही होतं.

तेव्हा तैफच्या बागा स्वतःच्या गाडीने पाहायच्या असतील त्यांना माझं सांगणं एवढंच. भर दुपारी जाऊ नका. कठड्यापाशी हात पसरू नका. आणि निघताना एखादा डबा विसरा. पण चांगलासा विसरा, परत यावंसं वाटेल असा.