फोटोत न आलेलं डोकं

शेवटच्या दिवशी सकाळी आमचा कुया दुलो, कुया म्हणजे दादा, बोटीच्या पुढच्या टोकाला बसून कलिंगडाचं कासव कोरत होता, आणि मागं मशीनपाशी त्याचा धाकटा भाऊ फर्मिन मनातल्या मनात जळत होता. ह्यात नवीन काही नाही. कळायला लागल्यापासून फर्मिन थोरल्यावर जळतच आला.

पाहुणे मोबाईल काढून त्या कलिंगडाभोवती उभे. फर्मिन पहाटे उठून मशीनचं तेल बदलून आला होता, त्याचा फोटो कोण काढणार?

"कुया, कलिंगड झालं असेल तर नांगर उचल!" तो ओरडला.

"उचलतो कप्तानसाहेब! कासवाला शेपटी तरी लावू दे, नाहीतर बायको विचारेल त्याची, कुठं टाकून आलास म्हणून."

सगळे हसले. दुलो असाच. एल निडोच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. पाहुण्यांना बेटंबेटं फिरवायचं, पाण्यात उतरवायचं, वाळूवर मासे भाजून घालायचे, आणि वर गाणं म्हणायचं, तेही बेसूर. तरी लोक खूश. बोट दोघा भावांची, बापानं ठेवलेली. पण माणसं म्हणायची, "दुलोची बोट." ते फर्मिनला काट्यासारखं सलायचं.

त्या दिवशी बिर्टे नावाची एक डेन्मार्कची म्हातारी होती. दुसऱ्या बेटापाशी बाकीचे चष्मे नि नळ्या लावून धपाधप पाण्यात उतरले, ही बोटीचा बांबू घट्ट धरून बसली.

"मला भीती वाटते," म्हणली.

"आजी, मी तर बायकोला भितो. म्हणून दिवसभर पाण्यात लपतो. या, दोघं मिळून लपू."

म्हातारी हसली आणि तिथंच फसली. दुलोनं तिला रबरी रिंगेत घातलं नि पोहत पोहत ओढत नेलं, नवरी मिरवावी तशी. तेवढ्यात मागून फर्मिनला पाण्याखाली कासवाची पाठ दिसली. त्यानंच हात करून दाखवलं, डावीकडं, डावीकडं! दुलो वळला, म्हातारीनं पाण्यात तोंड घातलं, आणि वर येऊन अशी किंचाळली की दुसऱ्या बोटीवरचे लोक उठून बघायला लागले. पोवळ्यांवर कासव चरत होतं, गाईसारखं.

"दुलो! दुलोनं मला कासव दाखवलं!"

फर्मिन मनात म्हणला, घ्या. बघितलं मी, नाव त्याचं.

जेवणं झाली की फोटो. "कॅप्टन, तुम्ही काढता का?" हे रोजचंच. दुलो मधोमध, फर्मिन मोबाईल धरून समोर. शेकडो पाहुण्यांच्या घरी दुलोचे फोटो असतील, फर्मिनचा एक नाही. मग फर्मिन सूड घ्यायचा. सगळे पुरे यायचे, दुलो फक्त गळ्यापर्यंत.

दुलोनं मोबाईलमध्ये बघितलं. "काय रे, आजपण उडवलंस?"

"उन्हात दिसत नाही मला."

"मारायचं तर एकदाच मार ना. रोज काय मुंडकं उडवतोस!" आणि खो खो हसत कलिंगडाची फोड तोंडात टाकली.

परत येताना दुलो म्हणला, छातीत गच्च वाटतंय, जास्त खाल्लं वाटतं. पुढं टोकाला आडवा झाला, तोंडावर टोपी घेऊन. फर्मिनच्या अंगाचा तिळपापड. बघा राजेसाहेब कसे पडलेत. किनारा आला तसा ओरडला, "ए राजा, ऊठ! नांगर टाक!" कुणी उठेना. परत ओरडला. जवळ बसलेल्या बिर्टेनं टोपी उचलली, आणि मागं वळून फर्मिनकडं नुसतं बघितलं. फर्मिननं मशीन बंद केलं.

घरात माणूस मावेना. मयताची रात्र जागवायची म्हणून बोटवाले अंगणात पत्ते खेळत बसले, कॉफीवर कॉफी. आमच्याकडं मयत घरात असताना झाडू मारत नाहीत, त्यामुळं बिस्किटांचा चुरा घोट्यापर्यंत. फर्मिन तिथंही जळला. बायकोला, अडेल्फाला, हळूच म्हणला, "केवढी माणसं! मी गेलो तर पत्त्यांना चौघं तरी जमतील का गं?"

"मी आहे ना. तीन तू शोधून ठेव."

तेवढ्यात बिर्टे आली. तिच्या मोबाईलमधला तो शेवटचा फोटो मोठा करून, काचेत घालून आणला होता. पोट होतं, कोपरावरचा जुना व्रण होता, कलिंगडाचं कासव होतं. डोकं नव्हतं.  मग दुलोची बायको लुमेन पहिली हसली. "हेच माझं माणूस! पोटावरून ओळखते मी." हसता हसता सगळे रडले. फोटो मेणबत्तीपाशी लागला. फर्मिन मागच्या नळावर जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिला.

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या नि बोट परत निघाली. मशीनवर लुमेनचा भाऊ, पुढं फर्मिन. कलिंगडाचं कासव त्यानंच कोरलं.

"बेडूक छान झालाय," एक पाहुणी म्हणली.

जेवणानंतर फोटोला सगळे उभे राहिले. तिनंच मोबाईल घेतला. "कॅप्टन, तुम्ही मधे या ना."

फर्मिन गेला. जन्मात पहिल्यांदा मधोमध.

"जरा मागं सरकता? तुमचं डोकं कापलं जातंय."

फर्मिन जागचा हलला नाही.

"कापू दे," म्हणला. "आमच्या बोटीवर असाच काढतात."