दुसऱ्यांदा विचारा

"धोंडबा विहिरीत पडला, तं वर यायच्या आधी विहिरीच्या मालकाले इचारन," असे त्याचे शेजारी म्हणत. मेहकरकडच्या त्या गावात भिडस्त माणसे पुष्कळ होती; पण धोंडबाच्या भिडेला तोड नव्हती. चहा पुढे आला की तो आधी "नको" म्हणे आणि पुन्हा आग्रह झाल्यावरच हात पुढे करी. पहिल्याच विचारण्याला होकार देणे त्याला अधाशीपणाचे वाटे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्याची झोप उडाली. मूलबाळ नसताना त्याने आसपासच्या गावांत लेकीच्या लग्नाचे आवतण दिले आणि मांडवासाठी शेजाऱ्याच्या गोठ्याचे छप्पर उतरवले. तेव्हा बायको अंजनाबाईने त्याला इतक्या दूर नागपूरला, सक्करदऱ्याच्या एका लहानशा मनोरुग्णालयात आणून ठेवले.

औषधांनी झोप परतली. लेक आणि लग्न दोन्ही मागे पडले. पेरणी तोंडावर आली होती आणि धोंडबाचा सारा जीव शेताकडे लागला होता. डॉक्टर फेरीला येत आणि विचारत, "धोंडबाजी, घरी जायचं का?"

"घाई काय हाय साहेब?" धोंडबा नम्रपणे म्हणे आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाही.

डॉक्टर शहरात वाढलेले. ते मान हलवून पुढच्या खाटेकडे वळत. घराची ओढ नाही, त्या अर्थी आजार बाकी आहे, असे ठरवून त्यांनी गोळ्या वाढवल्या. चहाची किटलीही त्याच्या एका "नको"वर रोज पुढे निघून जाई.

अंजनाबाई भेटीला आली, तो नवरा वाळलेला.

"काहून जी, घरी यायचं मन नाही काय?"

"मी तं कवाचा तयार हावो वं! पण दुसऱ्यांदा कोणी इचारतच नाही!"

अंजनाबाईने कपाळावर हात मारला आणि थेट डॉक्टरांना गाठले. "साहेब, त्यायले दोनदा इचारा. पयलं उत्तर धरू नका."

डॉक्टर हसू दाबत खाटेशी आले. "धोंडबाजी, घरी जायचं का?"

"घाई काय हाय?"

या वेळी ते हलले नाहीत. "तसं नाही. खरं सांगा, जायचं का?"

धोंडबाने आधी खाटेखालची पिशवी ओढून काखेत मारली.

"मंग काय जलमभर इथंच राहू? सासुरवाडीतबी मी दोन दिसाच्या वर टिकत नाही, अन् तुमच्या वरणात तं मीठबी नसते!"