बापबुडव्या वकिलाची बेचाळिसावी केस

आमच्या बाबांनी आजवर एक्केचाळीस पोरं वाचवली आणि तेवढेच बाप बुडवले.

एकवीस पूर्ण व्हायच्या आत दारू पिताना सापडलेल्या कॉलेजकुमारांचे ते वकील. बाकीचे वकील त्यांना 'बापबुडवे' म्हणतात. तोंडावर नाही, कोर्टाच्या जिन्यात. कारण केस कुठलीही असो, बाबांचं भाषण एकच.

"महोदया, दोष या लेकराचा नाही! दोष घराचा आहे! ज्या बापाला आपला मुलगा कितव्या वर्षाला आहे हेसुद्धा ठाऊक नाही, त्या घरातलं पोर बाटलीकडे नाही वळणार तर कुठे वळणार?"

'महोदया'ला आवाज चढतो, 'घराचा'ला फुटतो आणि 'बापाला'च्या बरोबर आधी आवंढा येतो. एकदा जेवताना मी हे जसंच्या तसं करून दाखवलं. आई हसून हसून खुर्चीवरून घसरायची राहिली. बाबा म्हणाले, "आवंढा जरा उशिरा घेतलास."

तालीम आमच्या पुढच्या खोलीत होते. चपलांचं कपाट म्हणजे आरोपीचा पिंजरा. पोराला फारसं शिकवावं लागत नाही, ते आधीच अर्धमेलं असतं. खरी मेहनत बापावर.

"मान खाली. आणखी खाली. तुम्ही बाप आहात, जिराफ नाही."

"घड्याळ काढू का?"

"छे! दर दोन मिनिटांनी बघा. वेळ नसलेला बाप दिसला पाहिजे."

एका दंतवैद्य बापाला हे फार लागलं. रडवेल्या आवाजात तो म्हणाला, "पण वकीलसाहेब, मी रोज त्याच्याबरोबर जेवतो हो."

बाबा फाइल मिटत म्हणाले, "आता नाही जेवत."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमचा दादा सापडला.

तोही भर दुपारी, कॉलेजच्या मैदानामागे, मित्राच्या वाढदिवसाला. हातात बिअरचा डबा. एकवीस व्हायला दोन महिने कमी. दादा औषधनिर्माणशास्त्र शिकतो, आणि त्याच्या कॉलेजचा नियम सरळ होता: कोर्टात दोषी ठरलात की पटावरून नाव कमी. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. तीन दिवस दादा घरात पाहुण्यासारखा वावरत होता, भाजी वाढतानासुद्धा "थँक यू" म्हणत होता.

तालमीला तो निमूटपणे कपाटापाशी उभा राहिला. बाबांनी घसा साफ केला.

"महोदया, दोष या लेकराचा नाही! दोष..."

आणि गाडी अडली.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "थांबलात का? पुढचं मला पाठ आहे."

बाबांनी नवं भाषण रचायला घेतलं. आधी दोष मित्रांवर टाकला. दादा म्हणाला, "बाबा, डबा मीच आणला होता." मग उन्हावर टाकला. मग चाचपडत म्हणाले, "दोष आईच्या लाडांचा..."

आई हातात उलथनं घेऊन दारात आली. "अहो, ते वाक्य कोर्टात म्हणून तर बघा. मग तुमची केस मी चालवते."

शेवटी बाबा धाडकन खुर्चीत बसले. "जुनंच बोलतो. त्याने एकही पोर वाया गेलेलं नाही."

"आणि बाप?" मी विचारलं.

"तू गप गं, नकलाकार."

कोर्टात आई आणि मी मागच्या बाकावर बसलो, जिथे एरवी बुडालेले बाप बसतात. न्यायाधीशबाई बारीक चणीच्या. आवाज थंड आणि मोजका, जणू थर्मामीटर बोलतोय. बाबांनी भाषण केलं आणि छान केलं. आवंढाही वेळेवर आला, फक्त खाली उतरायला जरा जास्त वेळ लागला.

बाईंनी चष्मा काढला. "वडील हजर आहेत?"

बाबा गोंधळले. "आहेत, महोदया."

"मग त्यांना उभं करा. नेहमीच्या जागी."

बाबांनी काळा कोट उतरवला, घडी करून टेबलावर ठेवला आणि चालत चालत आमच्या बाकापाशी आले. तिथे वळून मान खाली घालून उभे राहिले. मान अगदी शिकवल्याइतकी खाली. सवयीने घड्याळसुद्धा बघितलं. आईने मला कोपर मारलं, कारण मला हसू येत होतं आणि तिलाही.

"मुलगा कितव्या वर्षाला?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या," बाबा ताडकन म्हणाले.



"तिसऱ्या," पिंजऱ्यातून दादा पुटपुटला.

टायपिस्टने हात थांबवले. "बाई, दोन लिहू की तीन?"

"दोन्ही लिहा." बाईंनी चष्मा पुन्हा घातला. "वकीलसाहेब, हा युक्तिवाद मी बेचाळीस वेळा ऐकला. पुराव्यासकट आज पहिल्यांदाच आलाय."

मागून कुणीतरी फसकन हसलं. बाबांची मान आणखी खाली गेली. इतकी खाली त्यांनी कुठल्याच बापाला सांगितली नव्हती, आणि तेव्हा माझं हसू गेलं.

बाईंनी दादाला दोषी न ठरवता ताकीद देऊन सोडलं. कॉलेजच्या पटावरचं नाव टिकलं. अट एकच: तीन महिने दर शनिवारी सकाळी देखरेख अधिकाऱ्याकडे जाऊन सही करायची, बाप-लेकांनी मिळून. "दोघांपैकी एकटा आला तर चालणार नाही. मुलगाही नाही आणि वडीलही नाहीत."

अधिकाऱ्याची कचेरी घरापासून वीस मिनिटांवर. पहिल्या शनिवारी दोघं मुक्यासारखे गेले, मुक्यासारखे आले. दुसऱ्या शनिवारी बाबांनी एका कागदावर प्रश्न लिहून नेले. विषय कोणते? अवघड कुठला? मित्रांची नावं? दादा सांगत होता, "बाबा चालता चालता कागदावर खुणा करतात गं. आणि मित्राचं नाव सांगितलं की विचारतात, साक्षीदार कोण?"

मधे एक नवा बाप आला, पोराला घेऊन. बाबांनी त्याला 'मान खाली' म्हणायच्या आधी विचारलं, "मुलगा कितव्या वर्षाला?"

"पहिल्या... का दुसऱ्या रे?"

"उत्तम," बाबा म्हणाले. "तुमच्यावरचं भाषण खोटं पडणार नाही."

तीन महिने संपले. परीक्षा झाली, दादा पास झाला. पुढच्या शनिवारी सकाळी बघते तर बाबा बूट घालून चपलांच्या कपाटापाशी उभे. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतायत.

दादा डोळे चोळत आला. "बाबा, सह्या संपल्या ना?"

"सह्या संपल्या. उलटतपासणी राहिलीय."

दादाने बूट शोधायला घेतले. बाबा खाली बघत वाट पाहत राहिले.

आई म्हणाली, "अहो, मान वर करा आता. जिराफ दिसलात तरी चालेल."