तारेच्या आतली जमीन

माझे बाबा कारखान्यात मापं तपासायचे. मोठ्या यंत्रांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावरून पुढे जायचे आणि केसाइतका फरक निघाला तरी तो भाग ते परत पाठवायचे. घरीही तोच खाक्या. दाराची चौकट, पडद्याची लांबी, भिंतीवरचा फोटो, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. यांच्यासमोर पोळी लाटायचीसुद्धा धास्ती वाटते, असं आई म्हणायची. पण भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये त्यांच्या मापाला मान होता. कुणाचं बांधकामावरून भांडण झालं की बाबांना टेप घेऊन बोलावणं यायचं, आणि बाबांनी मोजलं म्हणजे विषय संपला.

टाउनशिपमधलं क्वार्टर रिटायर झाल्यावर सोडावं लागतं. त्यामुळे प्रत्येक घरात ‘पुढे कुठे’ ही काळजी असायचीच. आमच्या आजूबाजूचे काही जण शहरातच अशोका गार्डनला घर बघत होते, नागपूरकडचे काही जण परत जायचं म्हणत होते. बाबांना मात्र माती हवी होती. भोपाळहून रायसेनच्या दिशेने एका खेड्यात त्यांनी काळ्या मातीचा छोटासा तुकडा घेतला. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला एका वयस्कर शेतकऱ्याचं शेत. ते शेतकरी उंच, कमी बोलणारे होते. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

पहिल्याच हिवाळ्यात बाबांनी स्टीलच्या टेपने जमीन मोजली. रस्त्याच्या कडेला एक दगड होता, तो आपल्या जमिनीचा कोपरा असं धरून त्यांनी माप लावलं. त्यांच्या हिशेबाने दादांचा बांध दोन-तीन हात आमच्यात आला होता. दादा म्हणाले, बांध वडिलांच्या वेळेपासून इथेच आहे. बाबांनी त्यांच्यासमोर पुन्हा मोजलं. टेपचं एक टोक दादांच्याच हातात दिलं. दादांनी आकडा पाहिला आणि साहेबांनी मोजलंय तर तसंच असेल म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो बांध स्वतः फोडून मागे घेतला. बाबांनी जवाहर चौकातून तार आणली, सिमेंटचे खांब पुरले आणि कुंपण घातलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीच्या दिवशी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून शेतावर जायचे. पुढच्या वर्षी आम्हाला दिसलं की एका ठिकाणी तार वाकली आहे, खांबाला दादांची म्हैस बांधलेली आहे आणि त्यांचा हरभरा थेट तारेखालपर्यंत पेरलेला आहे. बाबांचा चेहरा बदलला. हा माणूस हळूहळू परत आत शिरतोय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. दादांशी ते काही बोलले नाहीत. गावातल्या चहाच्या टपरीवर मात्र बोलले, आणि एकदा नाही, बऱ्याचदा बोलले.

मग त्यांनी ठरवलं की रीतसर सरकारी मोजणीच करून घ्यायची. त्यासाठी तहसीलमधून जमिनीच्या नोंदीची आणि नकाशाची नकल, म्हणजे सरकारी प्रत, काढायची, आणि मोजणीचा अर्ज द्यायचा. बाबांची हिंदी अखेरपर्यंत मराठीच राहिली, म्हणून मला सोबत नेलं. मी टाउनशिपच्या शाळेत वाढलेली, माझी हिंदी कचेरीत चालण्यासारखी होती. मला त्याचा थोडा तोराही होता.

तहसीलची इमारत लहान होती, बाहेर कडुनिंबाखाली टाइपरायटर घेऊन अर्ज लिहिणारे बसलेले. आत नोंदींच्या खोलीत लाल कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. तिथल्या बाबूंनी आमच्या जमिनीचा नंबर विचारला आणि तो सांगताच नेमक्या गठ्ठ्याकडे न जाता भलतेच चार-पाच गठ्ठे उघडून पाहिले. आम्हाला परत यावं लागलं, पुन्हा परत यावं लागलं. शेजारच्या बाकावर खेड्यातली माणसं सकाळपासून बसलेली असायची. बाबांना कुणीतरी खुर्ची द्यायचं, कारण त्यांच्या खिशाला कारखान्याचा बिल्ला असायचा. बाबा ती खुर्ची घ्यायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

नकल मिळाली त्या दिवशी बाबा खुशीत होते. पातळ कागदावर काढलेला नकाशा त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि भिंगाने पाहत बसले. नकाशा बरोबर होता. चूक होती ती जमिनीवर, आणि ती कागदात पाहून कळणार नव्हती.

मोजणीचा अर्ज मी लिहिला. कडुनिंबाखालच्या एका अर्ज लिहिणाऱ्याकडून नमुना मागून घेतला आणि त्यातली भारदस्त वाक्यं तशीच उतरवली. त्यात एक वाक्य होतं की समोरच्याने जबरदस्तीने कब्जा केला आहे आणि मना केल्यास तो वाद घालतो. मी बाबांना विचारलं, “वाद कधी झाला आपला?”

“तसंच लिहितात गं,” बाबा म्हणाले. “जोर लागतो.”

मी अक्षर सुबक काढलं होतं.

मोजणीच्या दिवशी पटवारी, म्हणजे तिकडचे तलाठी, आले, सोबत साखळी धरणारे दोघे. गावातली पंधरा-वीस माणसं जमली होती. दादा डोक्याला पांढरं फडकं बांधून एका बाजूला उभे होते, त्यांची बायको बांधावर बसली होती. दोन्ही बाजूंना कळावं म्हणून पटवाऱ्यांनी आधी अर्ज मोठ्याने वाचला. माझं ते वाक्य उघड्या रानात, त्या माणसांसमोर, दुसऱ्याच्या आवाजात ऐकू आलं. दादांनी बाबांकडे पाहिलं.

“विवाद कब हुआ, साहब?” त्यांनी विचारलं. तक्रारीचा सूर नव्हता. आपल्याला आठवत नाहीये, तुम्ही सांगा, असं विचारल्यासारखं.

बाबा तारेकडे पाहत राहिले. मी पायाखालची ढेकळं पाहिली.

मग पटवारी बाबांच्या त्या दगडापाशी गेले आणि म्हणाले की हा शेताचा दगड नाहीच, हा रस्त्याच्या कामाचा आहे. खरा दगड त्यांनी शोधून काढला. तो रस्त्यालगतच्या नाल्यात, बेशरमाच्या झुडपांमागे, अर्धा चिखलात होता. तिथून साखळी टाकली. सगळी जमीन नाल्याच्या बाजूला सरकली. म्हणजे आम्हाला एका बाजूला नाल्याचा काठ मिळाला, आणि दुसऱ्या बाजूला तारेच्या आतली ती पट्टी दादांचीच निघाली. त्यांच्या वडिलांचा बांध जिथे होता तिथेच खुंटी ठोकली गेली.

बाबांनी आणखी एकदा मोजून बघा म्हटलं. पटवाऱ्यांनी पुन्हा मोजलं. खुंटी हलली नाही.

मला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. पंचनाम्यावर सह्या झाल्या. दादांच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला, आम्हालाही दिला. बाबांचा पेला हातातच गार झाला. दादा त्यांच्याजवळ येऊन म्हणाले की मापात चूक होते माणसाकडून. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. स्कूटरवर मागे बसून मी वाट पाहत होते की आता तरी काही बोलतील. टाउनशिपचं फाटक आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तो अर्ज आता त्या गठ्ठ्यात राहणार. उद्या कुणीही नकल मागितली तर मिळेल.”

पुढच्या रविवारी आम्ही कुंपण काढायला गेलो. सिमेंटमधले खांब निघेनात. दादा न बोलावता सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले आणि बाबांच्या शेजारी वाकून खणू लागले. दोघेही घामाघूम झाले. तिसऱ्या-चौथ्या खांबाला बाबा थांबले आणि म्हणाले, “दादा, ग़लती मेरी थी.” दादा म्हणाले, झालं गेलं.

त्यांच्या बायकोला ते पटलं नाही. ती बाजूलाच भारा बांधत होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ बाबांकडे पाहून बोलली.

“साहब, साल भर गाँव ने इनको ज़मीन-चोर कहा. बेटी की ससुराल तक बात पहुँची. इधर आपने अकेले में कह दिया, उधर कौन जाएगा कहने?”

दादांनी तिला गप्प बसायला सांगितलं. ती गप्प बसली, पण नजर हलवली नाही. म्हैस का बांधली होती, हरभरा तारेखाली का होता, तेही त्यानंतर बोलता बोलता कळलं. म्हैस आजारी होती, तिला सावली हवी होती, आणि झाड त्या खांबापाशीच होतं. आणि हरभरा पेरणाऱ्याने तारेपर्यंत पेरला, तारेच्या आत नाही. आम्ही एकदा विचारलं असतं तर बास होतं.

बाबांनी हात धुतले आणि म्हणाले, चल. मला वाटलं घरी जायचं. ते गावाकडे वळले. देवळासमोरच्या पारावर नेहमीची माणसं बसली होती, टपरीवरचीही होती. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. सदऱ्याला माती, हाताला खरचटलेलं. त्यांनी सांगितलं की दादांनी कधीच कुणाची जमीन घेतली नाही, उलट आपणच त्यांची घेतली होती, आपला दगड चुकीचा होता. आणि मग मराठीतलं ‘चुकलो’ त्यांनी तसंच्या तसं हिंदीत आणलं. “मैं चुक गया,” ते म्हणाले. हिंदीत त्याचा अर्थ होतो, मी संपलो.

एक-दोघे हसले. बाबांना ते का हसले हे कळलं नाही. त्यांना वाटलं आपल्या चुकीला हसतायत. त्यांनी मान खाली घातली आणि आणखी मोठ्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मला पुढे होऊन दुरुस्त करता आलं असतं, माझी हिंदी चांगली होती. पण मी स्कूटरपाशी उभी राहिले, आणि ते आपल्यासोबत नाहीत असं दिसावं म्हणून आरशात बघून केस नीट करत बसले. अर्जातल्या वाक्याचीही मला लाज वाटते, पण ते कागदावरून उतरवलेलं होतं. हे मात्र कुणाकडून उतरवलेलं नव्हतं.

पारावरचा एक म्हातारा शेवटी म्हणाला, बैठो साहब. बाबा बसले.

त्या जमिनीवर आम्ही घर बांधलं नाही. बाबांचं मन उडालं असं आई म्हणायची. मला वाटतं दादांच्या बायकोला रोज तोंड दाखवणं त्यांना झेपलं नसतं. जमीन दादाच कसत राहिले. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही भोपाळमध्येच साकेत नगरला फ्लॅट घेतला.

बऱ्याच वर्षांनी दादांची बायको तिथल्याच मोठ्या इस्पितळात दाखल झाली. दादा आमच्याकडे राहायला आले. बाबांनी आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः हॉलमध्ये झोपू लागले. वरच्या मजल्यावरच्या विदर्भातल्या एका गृहस्थांनी चहाला आल्यावर सहज विचारलं, हे कोण, कसे ओळखीचे? बाबांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, दादांच्या देखत, त्यांनाही कळावं म्हणून हिंदीत. टपरीवर काय काय बोललो होतो, तेसुद्धा. आई स्वयंपाकघरात निघून गेली. दादा अवघडून आपल्या हातांकडे बघत होते.

“साहब, रहने दो,” दादा म्हणाले.

बाबा थांबले नाहीत. पारावरचं सांगताना त्यांनी पुन्हा तेच ‘मैं चुक गया’ म्हटलं, आणि या वेळी मीही तिथेच बसून होते. पाहुण्यांना मराठी येत होती, त्यांना त्यातलं ‘चुकलो’ कळलं, ते हसले नाहीत. त्यांनी फक्त बिस्किटांची बशी दादांच्या पुढे सरकवली.